डावीकडे कलणारी कोंबडी

आजही कुठे मागून शिट्टी वाजली की माझे खांदे मागे जातात आणि पोट आत ओढलं जातं. मग ती शिट्टी ट्रॅफिक पोलिसाची असो नाही तर कुकरची. बायको हसते. मी तिला सांगतो, हसू नकोस, हा कणा माझा असला तरी तो सरळ केलाय आमच्या घरमालकांनी. त्या वर्षी त्यांच्या हाताखाली माझ्या जोडीला आणखी एकच उमेदवार होती, आणि ती कोंबडी होती.

घरमालकांना सगळं पुंडलिकनगर ड्रिल सर म्हणायचं. त्यांची हयात शाळेत कवायत शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर हुकूम द्यायला पोरं उरली नाहीत, म्हणून त्यांनी गल्ली ताब्यात घेतली. पांढरी पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळ्या दोरीला पितळी शिट्टी. भाजीची गाडी कोपऱ्यावर आली की सर ओट्यावरून ओरडायचे, "दाहिने मुड!" भाजीवाल्याला जायचं असायचं डावीकडे, पण तो बिचारा उजवीकडे वळायचा आणि सगळ्या गल्लीला वळसा घालून परत यायचा. मी लासूर स्टेशनहून बँकेतल्या नोकरीसाठी शहरात आलो आणि खोली बघायला त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी ना गाव विचारलं ना आडनाव. माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "हे खांदे आहेत का खुंटीवरचा ओला सदरा?" मी खांदे वर केले. "वर नाही, मागं!" मी मागे केले. "जा, सामान आण," म्हणाले.

पोलीस ॲक्शन झाली तेव्हा सर शाळकरी पोर होते. निजामाचं राज्य गेलं आणि फौज शहरातून चालत निघाली, ती त्यांनी एका कडुलिंबाच्या फांदीवर बसून पाहिली. बाकीच्यांना त्या दिवशी काय काय दिसलं असेल ते असेल, सरांना फक्त पावलं दिसली. "इतकी माणसं, पण पाय एकच!" हे वाक्य ते अजून त्याच आश्चर्यानं म्हणायचे. सुरुवातीचं शिक्षण उर्दूतून झालेलं, त्यामुळे त्यांची कवायत हिंदीत चालायची, संसार मराठीत आणि राग दखनीत.

त्यांची दोन तत्त्वं होती. पहिलं, एकदा हुकूम सुटला की सुटला. कवायतीत चुकीचा हुकूम मागे घ्यायला 'जैसे थे' म्हणतात. सर म्हणायचे, "सगळ्या नोकरीत मी कधी जैसे थे म्हटलं नाही. ज्याला जैसे थे म्हणावं लागतं त्यानं आधी डोकं वापरलेलं नसतं." दुसरं तत्त्व त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून कळलं. उन्हात परेड चालू असताना एखादं अशक्त पोर चक्कर येऊन डुलायला लागलं, की सरांना लांबून दिसायचं. ते लगेच दोन आखूड शिट्ट्या फुंकायचे. दोन आखूड म्हणजे विश्राम, आणि सरांच्या शाळेत विश्राम म्हणजे जागच्या जागी खाली बसणं. अख्खं मैदान धपकन खाली बसायचं, त्यातच ते पोरही बसायचं. कुणी पडलं असं कुणाला कळतच नसे. "पडला म्हणू नये. विश्राम घेतला म्हणावं," सर सांगायचे.

हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला होता. मी राहायला येण्याच्या आदल्या वर्षी ते समोरच्या घरच्यांना दाखवायला म्हणून गच्चीच्या कठड्यावर शीर्षासन करत होते, ते थेट अंगणात आले. मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत सळई घातली आणि यापुढे काठी लागेल म्हणून सांगितलं. सरांनी काठी पेरूला टेकू म्हणून लावली आणि चालायला लागले. पण चालताना ते किंचित डावीकडे कलायचे. हे त्या घरात कुणी बघायचं नाही असा अलिखित कायदा होता. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, म्हणायच्या, "पडले तवा माझा जीव गेला व्हता." सर आतून ओरडायचे, "पडलो नाही. लवकर उतरलो!"

काकूंनी मागच्या अंगणात कोंबड्या पाळल्या होत्या. एका पावसाळ्यात त्यातली तांबडी एका सकाळी खुराड्यातून बाहेर आली ती डावीकडे कललेलीच. दोन पावलं टाकायची, तिसऱ्याला तोल जायचा, मग पंख पसरून जमिनीवर आडवी. उठायची आणि परत तेच. जनावरांच्या डॉक्टरांनी तिचे पाय चाचपले, पोटात द्यायला थेंब दिले आणि खरं ते सांगितलं, "नसेचं दुखणं दिसतंय. काही उठतात, काही नाही उठत. चालवत राहा."

चालवत राहा! सरांना याहून गोड शब्द कुणी ऐकवले नव्हते. निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे रीतसर काम आलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी तांबडीसमोर उभं राहून तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि जाहीर केलं, "हाड चांगलं आहे. शिस्त नाही."

मग अंगणात व्यायामशाळा उभी राहिली. काकूंच्या जुन्या लुगड्याची झोळी शिवली, तिला पायांसाठी दोन भोकं पाडली आणि ती पेरूच्या फांदीला अशी टांगली की तांबडीची नखं जेमतेम जमिनीला टेकावीत. सकाळी तिळाचं कोमट तेल. पाण्यात चुन्याची निवळी. बोटं वाकडी पडू नयेत म्हणून पुठ्ठ्याचे तळवे कापून चिकटपट्टीनं पायाला बांधले. झोळीतून उतरली की दोन लाठ्या समांतर ठेवून त्यांच्या मधून चालायचं. सर पुढे उलटे चालत, टाळ्या वाजवत, "एक, दो, एक! एक, दो, एक!" आणि पुठ्ठ्याचे बूट घातलेली कोंबडी मागून फटक फटक करत येतेय. मी ऑफिसला निघालेला असलो तरी सुटका नव्हती. "बँकवाले, तू पण लाग रांगेत. दोघांना एकच रोग आहे." मी टाय लावून कोंबडीच्या मागे चालायचो.

भिंतीपलीकडच्या मुसलमान घरात एक मावशी राहत; गल्ली त्यांना खाला म्हणायची. त्या रोज सकाळी चहाचा कप घेऊन भिंतीवर कोपर टेकायच्या. "मास्टरसाब, मुर्गी को फौज में भेजरे क्या?"

"उसकू नै, तुमकू भेजने का है," सर उत्तर द्यायचे, "पयले उसकी ट्रेनिंग होने दो."

सुरुवातीला तांबडी थोडं चालली की थकायची आणि डावीकडे कलायला लागायची. इथे सरांचं दुसरं तत्त्व कामाला आलं. ती पडणार असं दिसलं की ते चटकन दोन आखूड शिट्ट्या वाजवायचे. तांबडी कोसळायची. सर शांतपणे म्हणायचे, "शाब्बास. विश्राम," आणि भिजवलेली बाजरी चोचीपुढे धरायचे. तिच्या इभ्रतीला धक्का लागू द्यायचा नाही, एवढाच त्यांचा हेतू होता. पण कोंबडीनं त्यातून वेगळाच धडा घेतला. दोन शिट्ट्या झाल्या की डावीकडे कलून बसायचं आणि मग बाजरी मिळते, हे तिच्या डोक्यात असं पक्कं बसलं की पुढे पुढे ती धडधाकट उभी असतानाही शिट्टी ऐकताच आडवी व्हायची. सरांना त्याचा केवढा अभिमान! येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते हा प्रयोग दाखवायचे. पोस्टमननं तर टपाल नसतानाही यायला सुरुवात केली.

आणि काकू? काकूंनी या सगळ्यात जीव ओतला होता. बाजरी भिजवायच्या, तेल कोमट करायच्या, झोळी धुऊन वाळवायच्या. सर मला खाजगीत म्हणाले, "बघ. इतक्या वर्षांनी हिला व्यायामाचं महत्त्व पटलं."

कारण निराळं होतं, आणि ते खालांना आणि मला ठाऊक होतं. सर दवाखान्यात पडून होते तेव्हा काकूंनी माहेरच्या म्हसोबाला नवस बोलला होता. फुलंब्रीपलीकडे त्यांचं गाव, तिथे शिवेवर म्हसोबा. 'ह्येंना पायावर उभं कर, तुला कोंबडी देते.' नुसती कोंबडी नव्हे. त्याच आठवड्यात अंड्यातून बाहेर आलेल्या पिलांतली ही तांबडी त्यांनी देवाच्या नावानं सोडली होती. सर उभे राहिले. आता तांबडी म्हसोबाची झाली होती. पण देवाला खोड असलेलं जनावर चालत नाही.

"हमारे में बी कुर्बानी कू लंगडा जानवर नै चलता," खालांनी दुजोरा दिला.

"म्हनून तर म्या गप हाय," काकू बाजरी निवडत मला म्हणाल्या. "बरी होऊ दे एकदाची. ह्येंना सांगितलं तर म्हनतील, पाय माझा मी उभा केला, तुझा म्हसोबा कोन? आन् देणं राहिलं ना, तर उद्या ह्येंचा पाय परत... नगं बाबा. लई भ्या वाटतं मला." त्यांचे डोळे भरून आले होते. सळईवर उभा राहिलेला तो पाय त्यांना रोज देवाकडून उसना आणल्यासारखा वाटायचा. मला त्यांचं खोटं म्हणवेना, आणि अंगणात टाळ्या वाजवत उलटं चालणाऱ्या सरांकडेही बघवेना. कोंबडी जितकी सुधारत होती तितकी सुरीच्या जवळ जात होती, आणि तिला तिकडे नेत होते ते सरच.

तांबडी बरी झाली ती एका रविवारी सकाळी. सरांनी पुठ्ठ्याचे बूट काढले, लाठ्या उचलल्या आणि 'सावधान, तेज चल'ची लांब शिट्टी दिली. ती न्हाणीपासून निघाली, पेरूला वळसा घालून थेट ओट्यापर्यंत आली. छाती पुढे, मान ताठ, जराही कलणं नाही. सर नाचायला लागले. अक्षरशः नाचायला लागले! मला मिठी मारली, खालांना भिंतीवरून सलाम ठोकला, "आयी के नै बराबर? आयी के नै?" म्हणत स्वतःभोवती गिरकी घेतली. खाला टाळ्या पिटत होत्या, मीही नाचत होतो. त्या गोंधळात काकू बाहेर आल्या. त्यांनी कोंबडीकडे पाहिलं आणि हात जोडले.

"झालं. ऐकलं म्हसोबानं. पुढल्या रईवारी जाऊ."

"कुठं?" सर दम खात म्हणाले. "परेड दाखवायला?"

मग काकूंनी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं सर दखनीत सुरू होतील. ते ओट्यावर बसले. त्यांना पाठ वाकवून बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तांबडी त्यांच्या बुटाची लेस ओढत होती. ते म्हणाले, "माझ्या पायासाठी बोललीस?"

"मग कुनासाठी बोलू?"

"मला विचारलं असतंस..."

"तुम्ही शुद्धीवर व्हता का इचारायला?"

सरांनी मान हलवली. "तू शब्द दिलाय. हुकूम सुटला की सुटला. मी आड येणार नाही." मग त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली. आंघोळीलाही न उतरणारी ती शिट्टी त्यांनी काकूंच्या हातात ठेवली. "ही तुझ्याकडं राहू दे. माझ्याकडं राहिली तर तिथं वाजवीन मी, आणि कोंबडी पडेल. ती बेइमानी होईल."

तो आठवडा गल्लीत इतकी शांतता होती की भाजीवाला आपल्या मनानं डावीकडे वळला आणि घाबरून परत आला. सर रोज तांबडीला तेल लावायचे. आता गरज काय, असं मी विचारलं तर म्हणाले, "वेळ झाली की लावायचं."

रविवारी एसटीनं फुलंब्री आणि पुढे जीपनं काकूंचं गाव. तांबडीचं वेताचं डालगं माझ्या मांडीवर. सर खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांनी कंडक्टरच्या उभं राहण्यातली चूकसुद्धा काढली नाही. काकूंचे थोरले भाऊ म्हसोबाचे भगत होते, पूजा-नैवेद्य तेच बघायचे. पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे; मी त्यांना मामा म्हणू लागलो. चिंचेखाली शेंदूर माखलेला दगड, समोर सारवलेली जागा. मामांनी दगडापुढे दाणे टाकले आणि रीत सांगितली, "कोंबडीनं आपल्या पायानं जायाचं आन् दाना टिपायचा. टिपला की देवानं घेतली. सोडा."

मी डालगं उघडलं. तांबडी बाहेर आली, पंख झटकले आणि निघाली. खरं सांगतो, इतकी सुंदर चालणारी कोंबडी मी आजवर पाहिलेली नाही. एक, दो, एक. सर बाजूला सावधानमध्ये उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, 'एक, दो, एक', आणि चेहऱ्यावर अभिमान इतका, की मामांनाही वाटलं असेल हे दाजी भलतेच भाविक निघाले. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते, कारण सावधानमध्ये हात हलवायचा नसतो. तांबडी त्यांच्यासमोरून पुढे गेली. दाणे हातभर राहिले. आणि सर डावीकडे कलायला लागले. हळूहळू, डुलत, उन्हातल्या त्या पोरांसारखे. मी पुढे झालो.

तेवढ्यात दोन आखूड शिट्ट्या झाल्या.

तांबडी होती तिथे डावीकडे कलली आणि धपकन बसली. सवयीनं सरही मटकन खाली बसले. आणि काय सांगू, मीही बसलो.

मामा आमच्या तिघांकडे बघत राहिले. "बाई, ही तर लंगडी हाय!"

"आगं बया, व्हय की," काकू म्हणाल्या. त्यांचा हात पदराखाली होता. "म्हनलं बरी झाली आसंल."

"शिट्टी कुनी वाजिवली?"

"यष्टीच्या कंडक्टरची आसंल, दादा."

त्या शिवेपासून एसटीचा रस्ता कोसभर लांब होता. मामांनी बहिणीकडे पाहिलं, मग जमिनीवर बसलेल्या दाजींकडे, मग बाजरीची वाट बघत आडव्या पडलेल्या कोंबडीकडे. त्यांच्या मिशा जरा हलल्या. "देवाला खोडाचं चालत नाय," ते म्हणाले. "नारळ फोडा."

परतीच्या एसटीत डालगं सरांच्या मांडीवर होतं. ते अगदी हळू म्हणाले, "पण तुझा नवस? माझा पाय?"

"पाय कशापायी मागितला व्हता म्या देवाला?" काकू म्हणाल्या. "तुम्ही असे उड्या मारीत फिरावं म्हनून. मागल्या रईवारी नाचला ना अंगनात, तसं. आज तिथं पाहिलं तुमच्याकडं, आन् वाटलं, ही कोंबडी गेली तर पाय राहील, पन नाचनारा मानूस ऱ्हानार नाय."

"पण हुकूम सुटला होता."

"जैसे थे," काकू म्हणाल्या.

सर आ वासून त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांना हसू फुटलं. ते हसले, काकू हसल्या, डालग्यात तांबडी ओरडायला लागली आणि कंडक्टर येऊन विचारू लागला की झालं काय. "तुमची शिट्टी लई गुणाची हाय, भाऊ," काकूंनी त्याला सांगितलं, आणि आमची परत हसून पुरेवाट झाली.

पुंडलिकनगरला उतरलो तेव्हा दिवे लागले होते. सरांनी तांबडीला खाली सोडलं. पुढे ती, मागे सर, त्यांच्या मागे मी रिकामं डालगं घेऊन, सगळ्यात मागे काकू. दिवसभराच्या थकव्यानं सर उघड उघड कलून चालत होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी ते लपवलं नाही. गल्लीच्या तोंडाशी खाला उभ्या होत्या. त्यांनी कोंबडी जिवंत पाहिली आणि तोंडावर हात ठेवला.

तेव्हा मागून काकूंनी एक लांब शिट्टी फुंकली. सर, तांबडी आणि मी, तिघंही एका दमात ताठ झालो आणि पावलं जुळवत घरी गेलो.